व्यवसायाचं ॲप कीक्लोकला जोडताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

कीक्लोक म्हणजे अनेक ॲप्सचं लॉगिन एकाच ठिकाणी सांभाळणारं सॉफ्टवेअर. लॉगिनचं बटण दाबलं, कीक्लोकचं पान आलं, पासवर्ड टाकला आणि माणूस ॲपमध्ये पोचला. बहुतेक टीम इथेच 'इंटिग्रेशन पूर्ण' असा मेल टाकतात. अडचणी पुढे उगवतात. नोकरी सोडून गेलेल्याचं सत्र चालूच राहतं, बदली झालेल्याकडे जुने अधिकार तसेच राहतात, आणि कुणाच्या तरी खात्यात भलताच माणूस शिरतो. या तिन्ही चुकांचं मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडतं. क्लायंट, म्हणजे कीक्लोकमधली ॲपची नोंद, बनवायचा स्क्रीन पहिल्याच दिवशी उघडला जातो, आणि 'हा माणूस कोण, हे ॲपने कशावरून ठरवायचं' हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. उदाहरण घेऊ एका कारखान्यातल्या खरेदी-मंजुरीच्या ॲपचं. ॲप स्प्रिंग बूट या जावाच्या चौकटीत लिहिलेलं आहे आणि त्याच्यापुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे. कर्मचाऱ्यांची नोंद ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (एडी, मायक्रोसॉफ्टची वापरकर्त्यांची यादी सांभाळणारी सेवा) आहे आणि मधे कीक्लोक बसवायचं आहे. प्रोटोकॉल ओपनआयडी कनेक्ट, म्हणजे लॉगिन झालेला माणूस कोण हे ॲपला कळवायची ठरलेली पद्धत. तुमचा प्लॅटफॉर्म दुसरा असेल तर स्क्रीनवरची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

## टप्पा १: स्क्रीन उघडण्याआधी तीन उत्तरं लिहून काढा

या टप्प्याला दोन-तीन दिवस लागतात आणि सगळ्यात जास्त टाळाटाळ इथेच होते. एक साधी शीट उघडा, ॲपच्या मालकाला आणि एचआरमधल्या एकाला शेजारी बसवा, आणि पुढच्या तीन प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडून लिहून घ्या.

माणूस कशावरून ओळखायचा? ईमेलवरून ओळखू नका. मी काम केलेल्या एका कंपनीत जुन्या खात्यांची जुळणी ईमेलवर केली होती. एक जण नोकरी सोडून गेला. काही महिन्यांनी त्याच आडनावाची, त्याच आद्याक्षराची मुलगी रुजू झाली आणि तिला तोच मोकळा झालेला ईमेल मिळाला. पहिल्या दिवशी तिने ॲप उघडलं, तर समोर मंजुरीसाठी थांबलेल्या मागण्यांची यादी. आपल्याला दिलेलं काम आहे असं समजून तिने त्यातल्या तीन मंजूरही केल्या. तिची काहीच चूक नव्हती. ॲपच्या दृष्टीने ती जुनाच माणूस होती.

ईमेल बदलतो, दुसऱ्याला दिला जातो, आणि काही व्यवस्थांमध्ये वापरकर्ता तो स्वतःच बदलू शकतो. जून २०२३ मध्ये डेस्कोप या कंपनीने 'एनओऑथ' नावाने जी त्रुटी उघड केली, तिचं मूळ हेच होतं. हल्लेखोर स्वतःच्या खात्यात दुसऱ्याचा ईमेल भरायचा, आणि ईमेलवर विसंबलेली ॲप्स त्याला त्या दुसऱ्याच्या खात्यात सोडायची.

ओळखीसाठी टोकनमधला (लॉगिननंतर कीक्लोक ॲपला देतं त्या सही केलेल्या ओळखपत्रातला) 'सब' क्लेम, म्हणजे 'सब' नावाची नोंद, वापरायचा, आणि तोही टोकन कुणी दिलं ते सांगणाऱ्या 'आयएसएस'बरोबर जोडीने. कीक्लोकमध्ये 'सब' म्हणजे त्या खात्याचा अंतर्गत क्रमांक. मात्र कुणी एलडीएपी फेडरेशन (कीक्लोकची एडीशी असलेली जोडणी) डिलीट करून पुन्हा जोडलं, तर आयात झालेली खाती जातात आणि नवी खाती नव्या क्रमांकाने येतात. म्हणून एचआरचा कर्मचारी क्रमांकही सोबत ठेवा. पहिली जुळणी त्यावर करायची, पुढची रोजची ओळख 'सब'वर.

कुणाला काय दिसणार? खरेदीच्या ॲपमध्ये भूमिका मोजक्याच असतात: मागणी करणारा, मंजुरी देणारा, लेखा विभाग, ॲडमिन. एवढ्याच कीक्लोकमध्ये ठेवा. 'पाच लाखांपर्यंत मंजुरी, फक्त प्लँट दोन' असले बारकावे ॲपच्याच डेटाबेसमध्ये राहू द्या. प्रत्येक मर्यादेसाठी एक रोल काढलात, तर वर्षभरात रोलची यादी कुणालाच वाचता येणार नाही. एकाच माणसाकडे एकत्र येता कामा नयेत अशा जोड्याही आत्ताच लिहा. इथे ती जोडी मागणी करणारा आणि त्याच मागणीला मंजुरी देणारा ही आहे. ही अडवणूक ॲपनेच करायला हवी, कारण कोणती मागणी कुणाची हे कीक्लोकला कळत नाही.

माणूस गेला की काय व्हायचं? एचआर कुणाला कळवतं, एडीमधलं खातं किती वेळात बंद होतं, आणि त्यानंतर किती मिनिटांत ॲपमधून तो बाहेर पडला पाहिजे? आकडा लिहा. 'लगेच' हे उत्तर चालत नाही, कारण पुढची टोकनची मुदत याच आकड्यावर ठरते.

> पडताळणी: शीटवर ॲपच्या मालकाची लेखी संमती आहे का? तोंडी 'ठीक आहे'वर पुढे जाऊ नका. गो-लाइव्हच्या आदल्या दिवशी हाच माणूस पाचवा रोल मागतो.

## टप्पा २: रस्ता मोकळा करा

इथे लक्ष द्यायच्या गोष्टी तीन: नाव, वेळ आणि प्रमाणपत्र.

नाव. ब्राउझर कीक्लोकला एका पत्त्यावर भेटतो, आणि ॲपचा सर्व्हर आतून दुसऱ्याच पत्त्यावर. मग टोकनमधला इश्युअर (वरचा 'आयएसएस', टोकन देणाऱ्याचा पत्ता) एक आणि ॲपला अपेक्षित इश्युअर वेगळा, आणि ॲप टोकन नाकारतं. डॉकरमध्ये हा प्रकार हमखास होतो. उपाय म्हणजे कीक्लोकचं होस्टनेम पक्कं ठरवून द्यायचं आणि ॲपलाही बाहेरचाच पत्ता दिसेल अशी डीएनएस नोंद करायची. इश्युअरची तुलना अक्षरशः होते, शेवटच्या तिरक्या रेघेसकट. जुनी कागदपत्रं बघून काम करत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. २०२२ मध्ये आलेल्या सतराव्या आवृत्तीपासून पत्त्यातला 'ऑथ' हा भाग डिफॉल्टने गेला आहे.

वेळ. टोकनला सुरुवात आणि शेवट सेकंदांत असतो. दोन सर्व्हरच्या घड्याळांत काही मिनिटांचा फरक पडला की नुकतंच दिलेलं टोकन 'अजून वैध नाही' किंवा 'मुदत संपली' ठरतं. दोन्ही यंत्रांवर एनटीपी (घड्याळं नेटवर्कवरून जुळवणारी सेवा) चालू आहे ना, ते स्वतः बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार भारतातल्या कंपन्यांनी सर्व्हरची घड्याळं एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या, टाइम सर्व्हरशी मिळवून ठेवायची आहेत. त्यामुळे हे काम तसंही करायचंच आहे.

प्रमाणपत्र. कीक्लोकला कंपनीच्या अंतर्गत सीएचं (प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेचं) प्रमाणपत्र असेल तर जावा ते ओळखत नाही, आणि लॉगमध्ये 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' अशी ओळ येते. सीएचं मूळ प्रमाणपत्र जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये, म्हणजे विश्वासू प्रमाणपत्रांच्या साठ्यात, घाला.

> सावध: 'सध्या टीएलएसची (प्रमाणपत्राची) तपासणी बंद ठेवू, नंतर चालू करू' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. ते 'नंतर' येत नाही. आणि ॲपला खरं कीक्लोक आणि खोटं कीक्लोक यांतला फरक कळणंच बंद होतं.

> पडताळणी: तुमच्या लॅपटॉपवरून पाहू नका, ॲपच्या सर्व्हरवर लॉगिन करा आणि तिथून कर्ल ही कमांड वापरून रेल्मचं (कीक्लोकमधल्या स्वतंत्र कप्प्याचं) डिस्कव्हरी पान मागवा. पत्त्याच्या शेवटी 'वेल-नोन' आणि 'ओपनआयडी-कॉन्फिगरेशन' असतं तेच. उत्तरातला इश्युअर ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

## टप्पा ३: क्लायंटची नोंद

आता स्क्रीन उघडा. कामासाठी वेगळा रेल्म हवा. 'मास्टर' रेल्म फक्त कीक्लोक सांभाळण्यासाठी असतो, त्यात व्यवसायाची ॲप्स टाकू नका. चाचणीचा रेल्म आणि प्रत्यक्षातला रेल्म वेगळे, जमल्यास सर्व्हरही वेगळे.

१. क्लायंटचा प्रकार ओपनआयडी कनेक्ट. क्लायंट आयडी वाचून कळेल असा द्या, उदाहरणार्थ खरेदी-मंजुरी-यूएटी (चाचणीसाठी) आणि खरेदी-मंजुरी-प्रॉड (प्रत्यक्ष वापरासाठी).

२. क्लायंट ऑथेंटिकेशन चालू करा. ॲपचा स्वतःचा सर्व्हर आहे, तो सीक्रेट (क्लायंटचा गुप्त संकेतशब्द) लपवू शकतो. निव्वळ ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर चालणारं ॲप असेल तर हे बंद ठेवायचं, कारण तिथे सीक्रेट गुपित राहत नाही.

३. फक्त स्टँडर्ड फ्लो ठेवा, म्हणजे कीक्लोक ॲपला आधी एक कोड देतं आणि ॲप त्या बदल्यात टोकन घेतं. इम्प्लिसिट फ्लो आणि डायरेक्ट ॲक्सेस ग्रँट्स यांवर खूण असेल तर काढा. डायरेक्ट ॲक्सेसमध्ये वापरकर्त्याचा पासवर्ड ॲपच्या हातात जातो. पासवर्ड ॲपपर्यंत पोचू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप आहे.

४. पीकेसीईची (चोरलेला कोड दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणूनच्या तपासणीची) पद्धत एस२५६ अशी सक्तीची करा. सीक्रेट असलं तरी करा. जानेवारी २०२५ मधल्या आरएफसी ९७०० या ओऑथच्या सुरक्षेवरच्या दस्तऐवजाची शिफारसही तीच आहे.

५. रिडायरेक्ट यूआरआय, म्हणजे लॉगिननंतर ॲपमध्ये परत यायचा पत्ता, पूर्ण लिहा. शेवटी तारांकित चिन्ह टाकून मोकळं होण्याचा मोह होतो. त्यामुळे लॉगिननंतरचा कोड तुम्ही न ठरवलेल्या पानावर जायची वाट उघडते. स्प्रिंगमध्ये हा पत्ता ठरलेल्या साच्यात असतो, तोच जसाच्या तसा लिहा.

६. लॉगआउटनंतर कुठे परतायचं तो पत्ताही इथेच भरा. तो रिकामा राहतो आणि सातव्या टप्प्यात सगळे कारण शोधत बसतात.

सीक्रेट कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवायचं नाही, गिटमध्येही टाकायचं नाही. कंपनीच्या व्हॉल्टमध्ये (गुपितं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवा, तिथून ॲपला द्या. यूएटीचं आणि प्रॉडक्शनचं सीक्रेट वेगळं.

तुमचं ॲप विकत घेतलेलं असेल आणि त्याला फक्त सॅमल २.० हा जुना लॉगिन प्रोटोकॉल समजत असेल, तर इथे क्लायंटचा प्रकार सॅमल निवडा. एंटिटी आयडी (ॲपची ओळख) आणि एसीएस पत्ता (लॉगिनचं उत्तर जिथे पोचतं तो) विक्रेत्याकडून लेखी मागवा. नेमआयडीत, म्हणजे माणूस कोण हे सांगणाऱ्या जागेत, ईमेलऐवजी न बदलणारी ओळख ठेवा. सहीच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर चढवा, कारण त्या सकाळी कुणाचंच लॉगिन होत नाही. बाकीचे टप्पे तेच.

## टप्पा ४: टोकनमध्ये काय जाणार

आधी कर्मचारी क्रमांक. एडीतल्या फील्डपासून कीक्लोकच्या ॲट्रिब्युटपर्यंत एक मॅपर (एका जागेची माहिती दुसरीत नेणारा नियम), आणि ॲट्रिब्युटपासून टोकनमधल्या क्लेमपर्यंत दुसरा. चोविसाव्या आवृत्तीपासून यूझर प्रोफाइलमध्ये घोषित न केलेली ॲट्रिब्युट्स नव्या रेल्ममध्ये डिफॉल्टने स्वीकारली जात नाहीत. त्यामुळे कर्मचारी क्रमांक तिथे आधी घोषित करावा लागतो.

> सावध: घोषित करताना 'कोण बदलू शकतं' या ठिकाणी फक्त ॲडमिन ठेवा. वापरकर्त्याला परवानगी राहिली तर तो अकाउंट कन्सोलमध्ये जाऊन स्वतःचा कर्मचारी क्रमांक बदलून साहेबांचा टाकू शकतो, आणि तुमचं ॲप त्याला साहेब समजेल.

मग रोल. ॲपच्या चार भूमिका क्लायंट रोल (फक्त या ॲपपुरते) म्हणून काढा. त्या रेल्म रोल (सगळ्या ॲप्सना सामायिक) केल्यात तर 'ॲडमिन' हे एकच नाव दहा ॲप्समध्ये दहा अर्थांनी फिरायला लागतं. रोल थेट माणसाला चिकटवू नका. ग्रुपला रोल द्या आणि माणसाला ग्रुपमध्ये टाका. ग्रुप एडीतून येत असतील तर बदली झाली की एडीत एकाच ठिकाणी बदल करायचा, आणि पुढच्या लॉगिनला अधिकार आपोआप बदलतात.

इथे तीन गोष्टी हमखास राहून जातात.

पहिली, डिफॉल्टने रोल फक्त ॲक्सेस टोकनमध्ये (सेवांना दाखवायच्या) जातात, आयडी टोकनमध्ये (माणूस कोण हे ॲपला सांगणाऱ्या) जात नाहीत. स्प्रिंगचा लॉगिन भाग आयडी टोकन वाचतो, त्यामुळे 'रोल दिलाय पण मेनू दिसत नाही' ही तक्रार येते. मॅपरमध्ये आयडी टोकनचा पर्याय चालू करा.

दुसरी, 'फुल स्कोप अलाउड' डिफॉल्टने चालू असतं, म्हणजे त्या माणसाचे इतर ॲप्समधले रोलही या टोकनमध्ये येतात. ते बंद करा. वर्षानुवर्षं जुन्या माणसांकडे खूप रोल साठलेले असतात, त्यांचं टोकन फुगतं. ते कुकीत ठेवलं तर एनजिनएक्सच्या हेडरच्या मर्यादेत मावत नाही. मग फक्त वरिष्ठांना ५०२ हा सर्व्हरचा एरर दिसतो आणि ज्युनिअर मंडळींचं सगळं सुरळीत चालतं. कारण शोधताना दिवस जातो.

तिसरी, 'ऑडियन्स'. ॲपच्या मागे वेगळी एपीआय असेल तर तिने टोकन आपल्यासाठीच आहे ना हे तपासायचं असतं. कीक्लोक ते आपणहून टाकत नाही, ऑडियन्स मॅपर लावावा लागतो. तो लावायचा कंटाळा म्हणून एपीआयमधली तपासणीच काढून टाकलेली मी पाहिली आहे. तसं करू नका. मग कुठल्याही ॲपचं टोकन घेऊन त्या एपीआयमध्ये शिरता येतं.

> पडताळणी: क्लायंट स्कोप्समध्ये इव्हॅल्युएट नावाचा टॅब आहे. तिथे खऱ्या माणसाचं नाव निवडलं की लॉगिन न करताच त्याचं नमुना टोकन दिसतं. चारही भूमिकांचा एकेक माणूस निवडा आणि पहिल्या टप्प्यातली शीट बाजूला ठेवून ओळीला ओळ जुळवा.

## टप्पा ५: ॲपच्या बाजूचं काम

प्रोटोकॉल हाताने लिहू नका. स्प्रिंग सिक्युरिटीसारखी तपासलेली लायब्ररी घ्या. स्टेट, नॉन्स (दोन्ही लॉगिनचं उत्तर बनावट नाही ना हे बघणाऱ्या खुणा), सही, इश्युअर, ऑडियन्स, मुदत या तपासण्या ती करते. तुम्हाला फक्त त्या कुणी बंद केल्या नाहीत ना हे बघायचं आहे.

तुमच्या हातात राहतात ती तीन कामं. कीक्लोकच्या टोकनमध्ये रोल आतल्या खणात असतात, स्प्रिंग ते आपोआप उचलत नाही. तिथून काढून स्प्रिंगला हव्या त्या उपसर्गासह द्यावे लागतात. दुसरं, एनजिनएक्सने 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हेडर (मूळ विनंती एचटीटीपीएसवर आली होती हे सांगणारं) पाठवायला हवं आणि ॲपने ते मानायला हवं. नाहीतर ॲप स्वतःला एचटीटीपीवर समजतं, तसा रिडायरेक्ट यूआरआय बनवतं, आणि कीक्लोक 'इनव्हॅलिड पॅरामीटर: रिडायरेक्ट यूआरआय' म्हणून अडवतं. हा संदेश दिसला की पहिला हात कीक्लोकच्या सेटिंगकडे जातो. आधी ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत ॲपने नेमका कोणता यूआरआय पाठवला ते वाचा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

तिसरं काम किल्ल्यांचं. कीक्लोकची सार्वजनिक किल्ली, जिने टोकनवरची सही तपासतात ती, कॉपी करून कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवू नका. ती पत्त्यावरून घ्यायची असते, म्हणजे किल्ली बदलली की ॲप नवी आणतं.

> पडताळणी: यूएटीमध्ये जास्त प्राधान्याची नवी आरएसए किल्ली जोडा, जुनी पॅसिव्ह करा, आणि ॲप रिस्टार्ट न करता लॉगिन करून बघा. चाललं पाहिजे. ही चाचणी आत्ता केली नाही तर ती प्रॉडक्शनमध्ये, नको त्या दिवशी होईल.

## टप्पा ६: जुनी खाती जोडणं

ॲप पाच वर्षं चालू असेल तर त्यात स्वतःची यूझर टेबल असणारच. तिची निर्यात काढा आणि शेजारी एचआरची चालू यादी ठेवा. चार ढीग पडतात.

जुळणारे: कर्मचारी क्रमांक दोन्हीकडे आहे, हे सोपे. क्रमांक नसलेले: नाव, विभाग पाहून माणसाने जुळवायचे, स्क्रिप्टने नाही. एचआरच्या यादीत नसलेले: यात सोडून गेलेले असतात, पण कंत्राटी कामगार आणि ऑडिटरही असतात. सरसकट बंद करण्याआधी विचारा. आणि चौथा ढीग म्हणजे 'स्टोअर', 'गेट२', 'अकाउंट्स' असली नावं, दहा जणांनी मिळून वापरायची खाती. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. त्यामागची माणसं शोधा आणि प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या. हे खातं तसंच कीक्लोकमध्ये आणलंत तर मंजुरी कुणी दिली याचं उत्तर पुढेही मिळणार नाही.

यूझर टेबलला दोन नवे कॉलम जोडा, इश्युअर आणि 'सब'. पहिल्या लॉगिनला कर्मचारी क्रमांकावर जुळवून ते भरायचे. एकदा भरले की पुढे फक्त त्यांच्यावरच ओळख पटवायची. पहिल्या लॉगिनला जुळणी सापडली नाही तर नवं खातं कोणताही अधिकार न देता उघडा आणि ॲडमिनला कळवा.

> सावध: 'जुळलं नाही तर ईमेलवर बघू' अशी पळवाट कोडमध्ये ठेवू नका. पहिल्या टप्प्यातली ती मुलगी त्याच वाटेने आत आली होती.

## टप्पा ७: लॉगआउट आणि निरोप

इथे तीन वेगवेगळी घड्याळं चालू असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. ॲक्सेस टोकन, कीक्लोकचं एसएसओ सत्र (एकदाच लॉगिन करून सगळ्या ॲप्समध्ये जाऊ देणारं) आणि ॲपचं स्वतःचं सत्र. कीक्लोकमध्ये डिफॉल्टने ॲक्सेस टोकन ५ मिनिटं, एसएसओ सत्र निष्क्रिय राहिल्यास ३० मिनिटं आणि जास्तीत जास्त १० तास. ॲपचं सत्र किती, ते तुमच्या कोडवर.

एडीत खातं बंद केलं की कीक्लोक नवं टोकन देत नाही. पण ॲप जर लॉगिनच्या वेळी एकदाच टोकन बघून पुढे दिवसभर स्वतःच्या कुकीवर चालत असेल, तर गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत आतच राहतो. टोकनची मुदत संपली की ॲपने रिफ्रेश, म्हणजे नवं टोकन, मागायला हवं, आणि नकार आला तर सत्र तोडायला हवं. ही दोन वाक्यं कोडमध्ये आहेत का, हे डेव्हलपरला दाखवायला सांगा.

लॉगआउटच्या बटणाने ॲपचं सत्र आणि कीक्लोकचं सत्र दोन्ही संपलं पाहिजे. त्यासाठी ॲपने आयडी टोकन सोबत देऊन कीक्लोकच्या लॉगआउट पत्त्यावर पाठवायचं. अठराव्या आवृत्तीपासून नुसता परतीचा पत्ता देऊन भागत नाही. बॅकचॅनेल लॉगआउट लावत असाल तर कीक्लोकचा सर्व्हर स्वतः ॲपला निरोप पाठवतो, म्हणजे फायरवॉलमध्ये त्या दिशेचीही वाट उघडी हवी. ही उलटी दिशा जवळजवळ प्रत्येक वेळी राहून जाते.

शॉप फ्लोअरवरचा सामायिक संगणक वेगळा हाताळा. सकाळी सातला पाळी बदलते, आधीचा माणूस फक्त टॅब बंद करून निघून जातो. पुढचा येऊन ॲप उघडतो, कीक्लोकला जुनं सत्र आठवतं आणि पासवर्ड न विचारताच आत सोडतं. आता तो आधीच्याच्या नावाने मागणी टाकतोय, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं नाव कुणी वाचत नाही. या संगणकांवरून येणाऱ्या लॉगिनला 'प्रॉम्प्ट' पॅरामीटरमध्ये 'लॉगिन' पाठवा, म्हणजे दर वेळी पासवर्ड विचारला जाईल. परत आलेल्या टोकनमधली लॉगिनची वेळ ताजी आहे ना, तेही ॲपने तपासायचं. वर नाव मोठ्या अक्षरात दाखवा.

> पडताळणी: एक चाचणी खातं घ्या, ॲप उघडं ठेवा, एडीत खातं बंद करा आणि घड्याळ लावा. पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या मिनिटांच्या आत बाहेर फेकलं गेलं पाहिजे. नाही गेलं तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ८: पायलट

आयटीतल्या पाच जणांनी लॉगिन करून बघणं म्हणजे पायलट (मोजक्या माणसांवरची चाचणी) नव्हे, कारण त्यांची खाती नीटनेटकी असतात. अडचणीची माणसं निवडा: दोन विभागांत काम करणारा, नुकतीच बदली झालेली, लग्नानंतर आडनाव बदललेली, पासवर्डची मुदत संपलेला, एडीत नसलेला कंत्राटी ऑडिटर, आणि सामायिक संगणकावरचा ऑपरेटर. त्यांच्या शेजारी बसा आणि हात बांधून बघा.

याच वेळी कीक्लोकमध्ये इव्हेंट्स साठवणं चालू करा, वापरकर्त्यांचे आणि ॲडमिनचे दोन्ही. डिफॉल्टने ते डेटाबेसमध्ये साठत नाहीत. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे, तेव्हा मुदत त्याप्रमाणे लावा किंवा लॉग सर्व्हरकडे पाठवा.

## टप्पा ९: कटओव्हर

कटओव्हर म्हणजे जुन्या लॉगिनवरून नव्यावर जाणं. दिवस मंगळवार किंवा बुधवार निवडा. सोमवारी सकाळी आधीच गर्दी असते, शुक्रवारी अडलं तर मदतीला कुणी नसतं, आणि महिनाअखेर लेखा विभागाची. क्रम असा:

१. आदल्या दिवशी रेल्मची निर्यात आणि ॲपच्या डेटाबेसचा बॅकअप.

२. नवं लॉगिन एका स्विचमागे ठेवा, म्हणजे परत फिरायला नवं डिप्लॉयमेंट लागणार नाही.

३. आधी एक विभाग, दोन तास निरीक्षण, मग बाकीचे.

४. परत फिरायचं कधी, ते आधीच ठरवा. 'तासाभरात दहापेक्षा जास्त जण अडकले तर स्विच मागे' असा स्पष्ट नियम, आणि निर्णय घेणारा एकच माणूस.

५. हेल्पडेस्कला एका पानावर चार स्क्रीनशॉट: कोणता संदेश, कुणाला पाठवायचं.

जुनं लॉगिनचं पान बंद करायला विसरू नका. ते 'कुणाला अडलं तर' म्हणून तसंच राहतं, आणि मग नवीन ओटीपी, नवीन नियम सगळे त्या जुन्या दारातून वळसा घालून चुकवता येतात. एकच आपत्कालीन ॲडमिन खातं ठेवा. पासवर्ड सीलबंद, फक्त आतल्या नेटवर्कवरून चालणारं, आणि वापरलं की दोघांना मेल जाईल असं. ते कटओव्हरच्या आधी एकदा उघडून बघा. कीक्लोक बंद पडल्यावर पहिल्यांदा वापरायला गेलात आणि पासवर्ड चुकीचा निघाला, तर दुसरी वाट नसते.

## टप्पा १०: पुढचे तीस दिवस

रोज दहा मिनिटं कीक्लोकचे अयशस्वी लॉगिन बघा. एकाच संदेशाची रांग दिसली तर ती माणसांची नाही, सेटिंगची चूक असते. 'कोड वैध नाही' वारंवार येत असेल तर कोणीतरी लॉगिननंतरचं पान रिफ्रेश करतंय, किंवा दोन सर्व्हरमध्ये सत्र वाटलं जात नाहीये. कोड एकदाच वापरता येतो आणि त्याचं आयुष्य जेमतेम मिनिटभराचं असतं. 'क्लायंट चुकीचा' आलं तर यूएटीचं सीक्रेट प्रॉडक्शनमध्ये गेलंय का ते पाहा.

महिनाअखेर एचआरकडून त्या महिन्यात गेलेल्यांची यादी मागा. प्रत्येकासाठी तीन ठिकाणं तपासा: कीक्लोकमधलं खातं, ॲपमधलं चालू सत्र, आणि ॲपने दिलेली एपीआय की. तिसरी कीक्लोकच्या नजरेबाहेर असते, ती हातानेच रद्द करावी लागते. यूझर टेबलमध्ये 'सब'चा कॉलम अजून रिकामा असलेली खाती काढा. महिनाभरात ज्यांनी एकदाही लॉगिन केलं नाही अशी ही माणसं आहेत, त्यांच्या विभागप्रमुखांना विचारून ती बंद करा.

आणि मग जुन्या पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) ठेवलेला कॉलम डेटाबेसमधून काढून टाका. आधी यूएटीवर, मग प्रॉडक्शनवर, आणि बॅकअपची मुदत संपेल त्या तारखेला तिथूनही गेला का हे बघायची नोंद कॅलेंडरवर करून ठेवा.